आजीची चाळणी

घरात मांजर असणे ही चारचौघांत कौतुकाने सांगायची गोष्ट आहे; पण घराला मांजराचा वास असणे ही मुळीच सांगायची गोष्ट नव्हे. पाहुणे काही दारात उभे राहून नाकाला रुमाल लावीत नाहीत. ते फक्त विचारतात, "खिडक्या बंद असतात वाटतं?" तेवढ्या एका प्रश्नाने घरातली बाई चहात साखर घालायची विसरते. गेल्या वर्षी हा प्रश्न आमच्याकडे इतक्या वेळा विचारला गेला, की बोक्याला घराबाहेर काढण्याचा ठराव तीन विरुद्ध एक अशा मतांनी मंजूर होण्याच्या बेतात आला. ते एक मत अर्थातच माझे.

आमचा बोका मूळचा पंचवटीतला. तिथल्या एका जुन्या वाड्यात आम्ही भाडेकरू होतो. दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागले यावरून गोदावरीचा पूर मोजणारी माझी आजी आणि तिच्या पायांत घुटमळणारा तो बोका, या दोघांचाच खरे तर तो वाडा. मागच्या अंगणात बंबाच्या राखेचा ढीग असे. बोका तिथे जाई, उकरी, बसे, नीट झाकी, आणि काही घडलेच नाही अशा चेहऱ्याने परत येई. वास म्हणून कधी आला नाही.

ऑगस्ट 2019 च्या पुरात वाड्याच्या भिंतींनी ओल धरली आणि आम्ही इंदिरानगरात तिसऱ्या मजल्यावर राहायला आलो. अंगण गेले, बंब गेला, राख गेली. गॅलरीच्या कोपऱ्यात वाळूने भरलेले एक जुने घमेले आले. तरीही वास आला नाही. आम्हांला वाटे, आमचा बोकाच मुळी कुलीन!

गेल्या वर्षी माघात आजी गेली. तेरावा झाला, पाहुणे पांगले, आणि महिन्याभरात घराला वास सुटला.

"त्यानं हाय खाल्लीय रे," आई म्हणाली. बाबांचे मत पडले, की बोका म्हातारा झाला. त्यातच ताईचा फोन आला. पहिल्या बाळंतपणाला ती सातव्या महिन्यात माहेरी येणार होती, आणि मांजराच्या विष्ठेतून गर्भाला अपाय होणारा रोग होऊ शकतो, असे तिच्या डॉक्टरांनी बजावले होते. बाबांनी निकाल दिला, "महिनाभर बघतो. नाहीतर पोत्यात घालून बाजारात सोडून येतो."

मी लढाईला उभा राहिलो. प्रथम उदबत्त्या लावल्या. घराला देवळाचा आणि मांजराचा असा मिश्र वास येऊ लागला. मग घमेल्याभोवती डांबराच्या गोळ्या ठेवल्या. मग वाड्याची आठवण होऊन, चुलीवरची मिसळ देणाऱ्या एका हॉटेलातून पिशवीभर राख आणून वाळूत मिसळली. त्या रात्री डोळे चुरचुरण्याइतका दर्प सुटला. शेवटी घमेले फिनेलने घासले. दुसऱ्या दिवशी बोक्याने घमेल्याकडे पाठ फिरवली आणि ताईसाठी उन्हात घातलेल्या गादीवर आपला कार्यभाग उरकला.

आता पोते निघणार हे ओळखून मी त्याला उचलून जनावरांच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांचा पहिला प्रश्न, "नसबंदी केलीय का?" ती आजीने वाड्यात असतानाच करून घेतली होती. न केलेल्या बोक्याच्या मुतात फेलिनीन नावाचे गंधकयुक्त द्रव्य पुष्कळ असते, आणि ते फुटले की तो खास मांजरी दर्प येतो. बाकीचा वास अमोनियाचा. ताज्या मुताला फारसा वास नसतो. त्यातल्या युरियाचा जंतूंच्या हातून पुढे अमोनिया होतो. माझ्या राखेवर डॉक्टर मनापासून हसले. राख अल्कधर्मी असते, ती अमोनियाला हवेत हाकलते. अंगणात वर आभाळ होते, म्हणून ते खपून गेले. फिनेलवर मात्र ते हसले नाहीत. मांजराच्या यकृताला फिनॉलच्या जातीची द्रव्ये पचवता येत नाहीत. पंजाला लागलेले चाटले तरी विषबाधा होऊ शकते. डांबराच्या गोळ्याही तशाच वाईट. आणि ब्लीचिंग पावडर टाकली असती, तर अमोनियाशी मिळून विषारी वायू झाला असता. "वास झाकू नका," ते म्हणाले, "उचला. रोज."

ताईच्या प्रश्नाचे उत्तरही तेच निघाले. त्या रोगाचे जंतू विष्ठेतून बाहेर पडल्या पडल्या बाधत नाहीत. त्यांना तयार व्हायला निदान एक दिवस लागतो. शिवाय घरातच राहणाऱ्या आणि शिजवलेले खाणाऱ्या मांजराला तो रोग होण्याचा संभवही कमी. ताईने घमेल्याला हात लावायचा नाही आणि दुसऱ्या कोणी ते रोजच्या रोज साफ करून हात स्वच्छ धुवायचे, एवढे पथ्य.

बोक्याला घेऊन परत आलो तर खाली वॉचमन उभे होते. मी म्हणालो, "दादा, याची घाण टाकायची कुठं हो?"

"आजी टाकायच्या तिथंच की," ते सहज म्हणाले. "रोज पहाटे यायच्या. दुधाच्या पिशवीत गाठ मारून. घंटागाडी यायच्या आत. लिफ्ट बंद असली तर जिन्यानं उतरायच्या."

मी तसाच गॅलरीत गेलो. घमेल्यामागे, कुंड्यांच्या आड, कडेची तार सुटलेली एक जुनी चाळणी भिंतीला टेकवून ठेवलेली होती. शेजारी धुऊन, वाळवून, घडी घातलेल्या दुधाच्या रिकाम्या पिशव्यांचा गठ्ठा. या पिशव्या जमवण्यावरून आम्ही आजीची किती थट्टा केली होती! वाड्यातली राखही कोणीतरी रोज उचलतच असणार; आम्ही श्रेय बोक्याला दिले. वास आजी गेल्यावर आला, कारण आजी गेल्यावर ते काम कोणीच केले नव्हते.

पुढे मी या विषयावर थोडे वाचन केले. परीक्षेपेक्षा जास्तच म्हणा ना! 1947 साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात एक बाई मांजरासाठी राखच वापरीत होती, आणि तिचे घर राखेच्या पंजांनी भरले होते. शेजारच्या एड लो नावाच्या तरुणाने तिला पाणी शोषणारी माती दिली आणि त्यातून एक मोठा धंदा उभा राहिला. आज दुकानात मिळणारी, भिजली की गोळा होणारी माती बहुधा बेंटोनाइटची असते. तसली माती आपल्याकडे कच्छात निघते. ती आणून पाहिली. चांगली आहे, पण विद्यार्थ्याच्या खिशाला जड. आम्ही पुन्हा वाळूवर आलो: चार बोटे थर, रोज चाळायची, आठवड्याने बदलायची, घमेले कढत पाण्याने धुऊन उन्हात वाळवायचे. सुगंधी काहीही नाही. तीन दिवसांनी बोका घमेल्यात परतला, आठवड्याभरात वास गेला. ठरावाचे पुढे कोणी नाव काढले नाही.

ताई आली, बाळंत झाली, भाची पाळण्यात निजू लागली. एके दिवशी बाळाला पाहायला आलेल्या मावशीने खोल श्वास घेऊन म्हटले, "मांजर असून घराला वास कसा तो नाही! गुणी आहे हो तुमचा बोका."

आईने माझ्याकडे पाहिले. मी काहीच बोललो नाही. पहाटे पाचला उठायचे होते, म्हणून लवकर झोपायला गेलो.