गिलावा मुरेपर्यंत

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ असे आपले पूर्वज सांगून गेले. डागडुजीविषयी मात्र त्यांनी काही सांगून ठेवलेले नाही. नवे घर बांधताना माणूस त्रासाची तयारी ठेवूनच उभा राहतो. जुन्या वास्तूची दुरुस्ती करताना मात्र गवंडी थापी धुऊन घरी गेला की सारे संपले, अशी त्याची समजूत असते. खरे पाहता दुरुस्तीनंतरचा पहिला महिना हाच त्या वास्तूच्या आणि तिच्या मालकाच्याही कसोटीचा काळ असतो. २०२४ च्या उन्हाळ्यात माझ्या धाकट्या भावाच्या वाडीतील पोहण्याच्या तलावाने हा धडा आम्हा सर्वांना दिला.

आमचे घर वसईच्या पश्चिम पट्ट्यातले. केळी, पानवेली आणि फुलझाडे यांच्या या मुलखात वाड्यांना पाणी पुरवीत ती बावखले, म्हणजे गोड्या पाण्याची छोटी तळी. आमच्या पिढीला पोहायला कोणी मुद्दाम शिकवले नाही. कमरेला सुका भोपळा बांधून थोरल्या भावंडांनी बावखलात ढकलले, की आठ-पंधरा दिवसांत भोपळा सुटत असे. पुढे कितीतरी बावखले बुजली, काहींच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. समुद्र हाकेच्या अंतरावर आणि मुलांना मात्र पोहता येत नाही, अशी विपरीत स्थिती आली. किनाऱ्यावर बुडालेल्या तरुण मुलांच्या शवपेटीपाशी उभे राहण्याचे दुर्भाग्य धर्मगुरू म्हणून माझ्या वाट्याला दोनदा आले आहे. त्या वेळी आईबापांना काय सांगावे हे कोणत्याही सेमिनरीत शिकवीत नाहीत.

अशाच एका प्रसंगानंतर, २००६ साली, भावाने घराच्या मागील अंगणात हा तलाव बांधला. लांबी आठ मीटर, रुंदी चार मीटर आणि खोली सरासरी एक मीटर तीस सेंटिमीटर. म्हणजे सुमारे बेचाळीस हजार लिटर पाणी. श्रीमंतीची हौस म्हणून काहींनी त्याच्याकडे पाहिले. पण दर मे महिन्यात आमच्या आळीतील मुले तेथे विनामूल्य पोहायला शिकतात, हे आता सर्वांना ठाऊक आहे. अठरा वर्षांनी गिलावा जागोजाग सुटला, फरशीच्या कडा पायाला लागू लागल्या, तेव्हा भावाने दुरुस्ती काढली. जुना गिलावा खरवडून नवा केला, काठाला नव्या टाइल बसविल्या, फिल्टरमधली वाळू बदलली. काम आमच्याच धर्मग्रामातील एका गवंड्याने तीन आठवड्यांत पुरे केले. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तलाव भरला, आणि पुढच्या पंधरवड्यात तक्रारींना प्रारंभ झाला.

तळाशी पिठासारखी पांढरी भुकटी साचू लागली. औषध रोज टाकूनही पाण्याला हिरवट झाक आली. परतीच्या नळाच्या तोंडातून पाण्याबरोबर बुडबुडे येऊ लागले. आणि सर्वांत गंभीर म्हणजे पाण्याची पातळी दिवसेंदिवस उतरू लागली. भावाने या चारही दोषांचे खापर एकाच माणसाच्या माथी फोडले आणि गवंड्याचा तीस हजार रुपयांचा शेवटचा हप्ता अडवून ठेवला.

एका संध्याकाळी गवंडी माझ्याकडे आला. मुलीची नर्सिंगची फी भरायची होती; पण तो बोलला ते वेगळेच. “फादर, पैशाचे एक वेळ राहू द्या. पण मी काम कच्चे केले असे शेट गावभर सांगतात. त्यानंतर मला काम कोण देईल?” त्याचा आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच तो प्रश्न मला रात्रभर टोचत राहिला.

दुसऱ्या दिवशी मी वाडीवर गेलो. भावाचा निश्चय झालेला होता. यंदाचा पोहण्याचा वर्ग रद्द करायचा, जूनमध्ये तलाव रिकामा करायचा आणि सगळा गिलावा उखडून दुसऱ्या माणसाकडून करून घ्यायचा. “दादा, तू फादर आहेस, गवंडी नाहीस,” असेही त्याने मला ऐकवले. ते खरेच होते. पण सेमिनरीत असताना काही वर्षे पंपघराची किल्ली माझ्याकडे असे, आणि यंत्राला शिव्या देण्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे, एवढे तत्त्वज्ञान मी तेथे शिकलो होतो. मी एवढेच म्हटले, “आठ दिवस मला दे. तोवर कोणाला दोष द्यायचा नाही. फक्त मोजायचे आणि वहीत लिहायचे.” वहिनींनी मुलांची एक कोरी वही काढून दिली.

प्रथम पांढरी भुकटी. सिमेंटचा नवा गिलावा घट्ट होत असताना त्यातून चुना बाहेर पडतो. तो पाण्यात उतरतो आणि पांढऱ्या कणांच्या रूपाने तळाशी बसतो. हा दोष नव्हे, गिलाव्याचा स्वभाव आहे. पहिले चार आठवडे मऊ ब्रशने भिंती आणि तळ दिवसातून दोनदा घासावा लागतो. गवंड्याने तसे बजावलेही होते; पण घासण्याचे काम चार दिवसांत थंडावले. वहिनींनीच हे प्रांजळपणे सांगितले.

हिरवट झाक याच चुन्याची बहीण निघाली. चुन्यामुळे पाण्याचा पीएच चढतो. तो साधारण ७.२ ते ७.८ असावा, आमच्या तपासणीच्या नळीत ८.२ ची गडद गुलाबी खूण उमटली. आता क्लोरीनची गंमत अशी, की पाण्यात विरघळल्यावर त्याचा जो भाग जंतू आणि शेवाळ मारतो, तो ७.५ पीएचला सुमारे निम्मा असतो आणि पीएच आठच्या वर गेला की पाचव्या हिश्श्याच्याही खाली येतो. भाऊ मुकाट्याने औषध वाढवीत होता आणि पाणी मुकाट्याने ते वाया घालवीत होते. त्यातून तो ते भर दुपारी टाकी, आणि ऊन क्लोरीनला खाऊन टाकते. आम्ही सौम्य केलेले हायड्रोक्लोरिक आम्ल थोडे थोडे मोजून, पंप चालू ठेवून सोडले, आणि क्लोरीन सूर्यास्तानंतर टाकू लागलो. पाचव्या दिवशी तळाची फरशी स्पष्ट दिसू लागली.

येथे एक गोष्ट घरोघरी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. भावाच्या गड्याने ब्लीचिंग पावडर आणि आम्लाचे कॅन एकाच पेटीत ठेवले होते. या दोहोंचा संयोग झाला तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. त्यांच्या जागा वेगळ्या, मोजण्याची भांडी वेगळी, आणि आम्ल नेहमी पाण्यात ओतायचे, पाणी आम्लात कधीही नव्हे. गड्यावर न रागावता आम्ही त्याला हे समजावून सांगितले. त्याला हे पूर्वी कोणी सांगितलेलेच नव्हते.

बुडबुड्यांचे कारण तर हास्यास्पद ठरले. पंप पाणी ओढतो त्या बाजूला कोठेतरी फट असली, की पाण्याबरोबर हवाही ओढली जाते. पंप चालू असताना त्याच्या झाकणाभोवती तांब्याने पाणी ओतून पाहिले. तेवढ्यापुरते बुडबुडे थांबले. झाकणाखालची रबरी रिंग वाळून तडकली होती. इतका खर्च करताना ही जुनी रिंग बदलण्याचे कोणालाच सुचले नव्हते.

राहिली गळती, आणि खरा वाद तिचाच होता. एप्रिलच्या उन्हात उघडे पाणी आपसूकच कमी होते. किती, हे कळल्याशिवाय गळती म्हणता येत नाही. त्यासाठी तलावांची निगा राखणाऱ्या एका जाणकाराने मला पूर्वी सांगितलेली बादलीची परीक्षा आम्ही केली. पायरीवर बादली ठेवायची, आत दगड टाकून ती स्थिर करायची, आणि तलावाच्या पातळीइतकेच पाणी तिच्यात भरायचे. बादलीच्या आत एक खूण, तलावाच्या भिंतीवर एक खूण. चोवीस तास कोणी पाण्यात उतरायचे नाही. बादलीतले पाणी फक्त वाफ होऊन जाते. तलावातले त्याहून जास्त उतरले, तर तेवढीच खरी गळती. बादलीत सहा मिलिमीटर उतरले, तलावात अकरा. पाच मिलिमीटरचा फरक दिसायला क्षुल्लक. पण या तलावाचा एक मिलिमीटर म्हणजे बत्तीस लिटर, म्हणजे दिवसाला एकशे साठ लिटर पाणी जमिनीत जात होते. भावाचा संशय निराधार नव्हता. मात्र गळती आहे एवढ्यावरून ती गिलाव्यातच आहे, हे सिद्ध होत नव्हते.

दुसऱ्या दिवशी पंप बंद ठेवून हीच परीक्षा केली. फरक तोच राहिला. त्यावरून पंप चालल्याने गळती वाढत नाही, असे दिसले. मग वारा पडल्यावर, पाणी अगदी निश्चल असताना, पुतण्याने तोंडाला मुखवटा लावून बुडी मारली आणि पिचकारीतून खाण्याच्या लाल रंगाचे थेंब भिंतीच्या एकेका संशयित जागेपाशी सोडले. दोन बारीक रेषांपाशी रंग तरंगत राहिला. पाण्याखालच्या दिव्यापाशी मात्र, त्याची वीज आधीच तोडून ठेवली होती, तो रंग धाग्यासारखा ओढला जाऊन दिव्याच्या मागे नाहीसा झाला. विजेची तार ज्या नळीतून जाते ती २००६ ची जुनी नळी गळत होती. खर्च वाचविण्यासाठी तिला हात लावू नये, असे भावानेच ठरविले होते.

कोणी काही बोलले नाही. भाऊ बराच वेळ काठावर बसून राहिला. मग म्हणाला, “उद्या त्याला बोलाव.”

गवंडी आला. त्याने सारा तलाव नाण्याने ठोकून पाहिला, आणि काठावरच्या दोन टाइल बद्द वाजल्या तेव्हा आपण होऊन म्हणाला, “शेट, ह्या माझ्या. खाली माल पोकळ राहिला.” त्याच दुपारी त्याने त्या काढून पुन्हा बसविल्या. एका दोषाचा असा स्वीकार पाहिल्यावर बाकीच्या दोषांविषयी त्याला कोणी काही विचारले नाही. दिव्यामागची नळी पाण्याखाली घट्ट होणाऱ्या पुटीने बंद केली. दोन दिवसांनी बादली पुन्हा पायरीवर ठेवली: बादलीत सहा, तलावातही सहा.

आता मागे वळून पाहताना, टळलेली आपत्तीच मला मोठी वाटते. आमच्या किनारपट्टीत पावसाळ्यात भूजल अगदी वर येते. अशा वेळी तलाव रिकामा केला, तर आतले वजन नाहीसे होते आणि खालच्या पाण्याचा दाब रिकाम्या हौदाला नावेसारखा उचलू पाहतो. तळ फुटतो, भिंती तडकतात. पाच मिलिमीटरच्या रागापायी आम्ही बेचाळीस हजार लिटरचा तलाव मोडून बसलो असतो.

पाणी थोपवून धरण्याची विद्या माणसाला नवी नाही. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी मोहेंजोदडोच्या कारागिरांनी बारा मीटर लांब आणि सात मीटर रुंद असे महास्नानगृह बांधले, तेव्हा विटांच्या मागे डांबराचा थर दिला होता. पाणी फट शोधणारच, हे त्यांना ठाऊक होते. नव्या गिलाव्याचे, नव्या सुनेचे, नव्या जागी आलेल्या धर्मगुरूचेही असेच असते. मुरायला काही दिवस लागतात, आणि त्या दिवसांत जे वर येते ते सगळेच खोट नसते. कोणते मुरणारे आणि कोणते गळणारे, हे रागाला कळत नाही. पायरीवर ठेवलेल्या बादलीला कळते.

तीस हजार रुपये भावाने स्वतः गवंड्याच्या घरी नेऊन दिले, आणि त्याने काम चोख केले आहे, असे येताना वाटेत भेटलेल्या चार जणांना आवर्जून सांगितले. पोहण्याचा वर्ग आठवडाभर उशिरा सुरू झाला. त्या वर्षी चौदा मुले शिकली. त्यांतला एक गवंड्याचा धाकटा मुलगा. बापाला स्वतःला पोहता येत नाही. तो रोज संध्याकाळी कामावरून परस्पर यायचा आणि नव्याने बसविलेल्या त्या दोन टाइलींपाशी उभा राहून मुलाचे हातपाय मारणे पाहायचा.