टू-टूच्या जवानास, नारायणगडाहून



तुमचं नाव मला ठाऊक नाही. तुमच्या नोकरीची रीतच अशी आहे की ते कुणाला ठाऊक नसावं. म्हणून पलटणीच्या नावानं लिहितो. तुमचे लोक तिला टू-टू म्हणतात, सरकारदरबारी ती स्पेशल फ्रंटियर फोर्स.

मी बीड जिल्ह्यातल्या नारायणगडाच्या परिसरातला. या गडाला आम्ही धाकटी पंढरी म्हणतो. आमच्याकडची पोरं पहाटे अंधारात रस्त्यानं धावतात, कारण शेतीचा भरवसा उरला नाही आणि भरती निघाली तर घर सावरतं. त्यांच्या लेखी सैनिक म्हणजे गावचा माणूस. सातबाऱ्यावर ज्याच्या बापाचं नाव आहे, आणि जो तिरंग्यात परतला तर ज्याच्यासाठी सगळा तालुका लोटतो, असा. ज्याला हा देश कागदावर परका म्हणतो असाही सैनिक या देशासाठी उभा आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

तुमची पलटण 14 नोव्हेंबर 1962 रोजी उभी राहिली. चीनशी चाललेलं युद्ध आपण हरत होतो. 1959 मध्ये दलाई लामांच्या पाठोपाठ आलेले तिबेटी तेव्हा हिमालयातल्या रस्त्यांवर खडी फोडत होते. त्यांच्यातले खांपा, म्हणजे तिबेटच्या खाम भागातले लढवय्ये, चक्राताच्या लष्करी तळावर आले. पहिले प्रमुख मेजर जनरल सुजनसिंग उबान. त्यांनी पूर्वी 22 माउंटन रेजिमेंट सांभाळली होती, तोच आकडा पलटणीला लागला. आपण चीनशी लढू आणि एक दिवस ल्हासाला परत जाऊ, या आशेवर तुमचे आजे त्या पलटणीत शिरले.

त्यांना पाठवलं मात्र चितगावच्या डोंगरात. 1971 च्या नोव्हेंबरात सुमारे तीन हजार तिबेटी मिझोराममधल्या देमागिरीहून पूर्व पाकिस्तानात उतरले. ज्या लढाईशी तिबेटचा काडीचा संबंध नव्हता तिच्यात त्यांनी पूल उडवले, ठाणी घेतली, पाकिस्तानी फौजेची ब्रह्मदेशाकडे निसटायची वाट रोखली. 56 जण पडले, 190 च्या आसपास जखमी झाले. 16 डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली, देशभर पेढे वाटले गेले, शौर्यपदकं जाहीर झाली. तुमच्यातल्या 580 जणांना रोख बक्षिसं मिळाली. जी पलटण अस्तित्वातच नाही असं सांगायचं, तिला पदक कसं देणार? गुप्ततेची गरज मी समजू शकतो. पण ती इतकी वर्षं पुरवून वापरली गेली, हे मला पटत नाही.

29 ऑगस्ट 2020 च्या रात्री तुम्ही पँगाँग सरोवराच्या दक्षिणेकडची शिखरं ताब्यात घेतलीत. त्या मोहिमेत तुमचे कंपनी लीडर नीमा तेनझिन सुरुंगाच्या स्फोटात गेले. तो सुरुंग 1962 च्या युद्धातला होता. ज्या वर्षी पलटण जन्मली त्याच वर्षी पेरलेला. 7 सप्टेंबरला लेहमध्ये त्यांना निरोप दिला तेव्हा तिरंगाही होता आणि तिबेटचा ध्वजही. त्या दिवशी पहिल्यांदा आमच्यातल्या कित्येकांनी तुमच्या पलटणीचं नाव ऐकलं.

कागदाचं दुखणं आम्हाला नवं नाही. 2024 च्या दसऱ्याला मराठा आरक्षणाच्या मागणीसाठी याच गडावर जी गर्दी उसळली, तिच्यामागे निजामाच्या काळातल्या नोंदींचा प्रश्न होता. आजोबाच्या नावापुढे काय लिहिलंय, यावर नातवाची फी आणि नोकरी ठरते, हे इथं घरोघरी माहीत आहे. पण आमचा वाद देशाच्या आतला आहे. तुमच्या हाती जो दाखला असतो तो परदेशी नागरिकाच्या नोंदणीचा. मुदत संपली की तो नव्यानं करून घ्यायचा. भारतानं निर्वासितांबाबतच्या 1951 च्या आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही, आणि 2019 च्या नागरिकत्व दुरुस्तीत तिबेटचं नाव नाही.

कायद्यात तुमच्यासाठी एक दार आहे खरं. 26 जानेवारी 1950 ते 30 जून 1987 या काळात भारतात जन्मलेला माणूस जन्मानंच नागरिक ठरतो, आणि दिल्ली उच्च न्यायालयानं 2010 आणि 2016 साली तिबेटींच्या बाबतीत ते मान्य केलं. मग 2017 साली पासपोर्टसाठी अटी आल्या: नोंदणीचा दाखला परत करा, तिबेटी वसाहतीत राहू नका, तिथले लाभ सोडा. म्हणजे नागरिक व्हायचं तर आईबापाचं घर सोडायचं. आमच्या महाराष्ट्रातही गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, 1972 पासून नोर्ग्येलिंग ही तुमची वसाहत आहे. तिथून सैन्यात गेलेल्या माणसाला निवृत्तीनंतर असा प्रश्न का पडावा?

परक्याचं रक्त घ्यायचं आणि हक्काच्या वेळी त्याला परकं म्हणायचं, हे फक्त इथंच घडतं असं नाही. भगतसिंग थिंद पहिल्या महायुद्धात अमेरिकी लष्कराच्या गणवेशात होते. 1923 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ते गोरे नाहीत म्हणून त्यांचं नागरिकत्व नाकारलं. ग्वाटेमालाचा होझे गुतिएरेस कागदांविना अमेरिकेत शिरला, पुढे परवाना मिळवून मरीन झाला आणि मार्च 2003 मध्ये इराकमध्ये पडला. त्याला नागरिकत्व मिळालं ते मरणानंतर.

तुमच्यापैकी अनेकांना भारताचं नागरिकत्व नकोच आहे, हेही मी जाणतो. ते घेतलं तर तिबेटवरचा हक्क सोडल्यासारखं होईल, असं त्यांना वाटतं. त्या निष्ठेपुढे मी मान लववतो. कुणावर नागरिकत्व लादू नये. पण नाकारायचा अधिकार ज्याला आधी ते देऊ केलं जातं त्यालाच असतो.

म्हणून हे पत्र उघडं लिहितो आहे. केंद्र सरकारनं टू-टूत सेवा केलेल्या प्रत्येकाला आणि त्याच्या मुलांना मागताक्षणी नागरिकत्व द्यावं, वसाहत सोडण्याची अट न घालता. महाराष्ट्राच्या शालेय पुस्तकांत 1971 च्या युद्धाच्या धड्यात त्या 56 जणांचा उल्लेख यावा. आणि आमच्या गावोगावच्या भरती अकादम्यांत शिकवणाऱ्या माजी सैनिकांना माझी विनंती आहे: पोरांना कारगिल सांगता तसं चितगावही सांगा.