पुढे ओढलेली बाकी

डिसेंबरच्या अखेरीस न्यायालयाला हिवाळी सुटी लागली, की आमच्या कार्यालयात एक वार्षिक विधी पार पडतो. आमचे मुन्शीजी नव्या वर्षाच्या डायरीला कुंकवाचे बोट लावतात आणि जुन्या डायरीतील अपुरी कामे एकेक करून तिच्यात उतरवू लागतात. अमुक दावा, साक्षीपुरावा बाकी. तमुक अपील, युक्तिवाद बाकी. हे काम बहुधा निर्वेधपणे तडीस जाते. नुकत्याच सरलेल्या डिसेंबरात मात्र ते शेवटच्या पानाशी थबकले. त्या पानावर आमच्याच हस्ताक्षरात चार ओळी होत्या: एलएल. एम. पुरे करणे, मृत्युपत्राविषयी मराठीत पुस्तिका, पहाटे फिरणे, आजोबांच्या वह्या. मुन्शीजींनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारले, "साहब, यह भी चढ़ा दूँ? सात साल से चढ़ा रहा हूँ."

त्यांच्या स्वरात उपरोध मुळीच नव्हता, आणि म्हणूनच तो प्रश्न आम्हाला अधिक झोंबला.

आमच्या इंदुरात संकल्प लांबणीवर टाकणाऱ्याची सोय फार उत्तम आहे. येथे वर्ष एकदाच संपत नाही. येथील व्यापारी दिवाळीत वहीपूजन करून नव्या चोपड्या घालतात. त्या वेळी आम्ही म्हणतो, हे व्यापाऱ्यांचे वर्ष, आपले डिसेंबरात संपेल. डिसेंबर उलटला की वाटते, सरकारी वर्ष अजून ३१ मार्चपर्यंत आहे. ३१ मार्चला आयकराच्या कामाने मान वर करता येत नाही. मग चैत्रपाडवा असतोच. तो कधी मार्चअखेरच्या आधी येतो, कधी नंतर, आणि दोन्ही प्रकारे आमच्या उपयोगी पडतो. चार वर्षारंभांच्या मधल्या फटींतून माणसाचे आयुष्य कसे गळून जाते याचा आम्हाला पत्ताही लागला नाही, आणि आम्ही सत्तेचाळीस वर्षांचे झालो.

वस्तुतः मुदतीचे महत्त्व वकिलाला कोणी शिकवावे असे नाही. १९६३ च्या मुदत कायद्यावर आमची अर्धी चूल चालते. मुदत टळलेला दावा, प्रतिवादीने तो मुद्दा काढला नाही तरी, न्यायालयाने फेटाळलाच पाहिजे, असे त्याचे कलम ३ बजावते. कलम ५ थोडे दयाळू आहे. पुरेसे कारण दाखविले तर विलंब माफ होतो. पण ही सवलत अपिलाला आणि अर्जाला, मूळ दाव्याला नाही. दिवसादिवसाच्या विलंबाचा खुलासा मागण्याचा दंडक फार काटेकोरपणे लावू नये, तसे पाहू गेल्यास तासातासाचा आणि क्षणाक्षणाचाही का मागू नये, अशा आशयाचे उद्गार सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली काढले. त्या निकालाचा आधार घेऊन आम्ही कितीतरी आळशी पक्षकारांना तारले आहे. स्वतःच्या चार ओळींसाठी मात्र कोणापुढे अर्ज करावा हे आम्हाला सुचेना.

चारांपैकी पहिल्या तीन ओळींविषयी फारसे लिहिण्यासारखे नाही. एलएल. एम. न झाल्यामुळे कोणाचे अडले नाही. पहाटे फिरण्याविषयी आमच्या मंडळींचे मत आम्ही येथे छापीत नाही. पुस्तिकेचे प्रकरण थोडे वेगळे आहे. मराठी घरांतील वडीलधारी माणसे मृत्युपत्र करण्यास अशुभ मानतात आणि मागे भावाभावांत दावे लावून जातात हे आम्ही रोज पाहतो, तेव्हा ती लिहिलीच पाहिजे. पण तीही उद्या लिहिता येईल. उद्यावर टाकता येणार नाही अशी ओळ एकच होती, आणि ती आम्ही चौथ्या क्रमांकावर लिहिली होती.

गोमंतकातील माणूस माळव्यात कसा, असे या मासिकाच्या वाचकांना वाटणार नाही. केरीहून आलेले जिवबादादा केरकर महादजी शिंद्यांच्या फौजेचे बक्षी होते, आणि लखबादादा लाडांचे नावही ज्ञातीत सर्वांच्या तोंडी आहे. आमचे आजोबा काही फौज घेऊन आले नाहीत. ते १९३१ साली फोंडे महालातून एक वळकटी आणि एक पितळी तांब्या घेऊन निघाले आणि लोंढा, पुणे, मुंबई, खांडवा अशा गाड्या बदलीत होळकर सरकारच्या एका कचेरीत कारकून म्हणून रुजू झाले. (खांडव्याहून इंदुरास येणाऱ्या त्या लोहमार्गासाठी दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी १८७० साली इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले होते, साडेचार टक्क्यांनी, एकशेएक वर्षांच्या मुदतीने! मुदत कशी बांधावी हे त्या काळच्या माणसांकडून शिकावे.) आजोबांनी मागे पाच वह्या ठेवल्या. सर्व मोडीत. वरची रेघ पानभर आधी ओढून तिला अक्षरे टांगलेली, हात न उचलता लिहिलेली, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही, दोन शब्दांत जागा नाही. आम्हाला त्यातले एक अक्षर लागत नाही.

आमच्या वडिलांना थोडेफार लागत असे. "एकदा बसू आपण," असे ते म्हणत, आणि आम्ही "सुटीत बसू" म्हणत असू. तीन वर्षांपूर्वी ते गेले. त्या दाव्याची मुदत संपली, आणि कलम ५ तेथे लागू नाही.

राहिली आत्या. ती सत्त्याऐंशी वर्षांची आहे, रामबागेत धाकट्या मुलाकडे असते. लहानपणी आजोबांनी तिला जमाखर्च लिहायला बसवून मोडी शिकविली होती. घरात वहीला हात लावण्याचा अधिकार दोघांचाच, एक आजोबांचा आणि एक तिचा. दसऱ्याला सोने द्यायला गेलो तेव्हा ती सहज म्हणाली, "अक्षरे आता पाण्यात पडल्यासारखी दिसतात रे. दुपारच्या उन्हात ओटीवर बसले तर दिसतात, दिवा लागला की नाही." आम्ही काचबिंदूच्या औषधांची चौकशी केली, पोहे खाल्ले, जिरावणाची तारीफ केली आणि घरी आलो. उन्हाच्या वेळी आम्ही न्यायालयात असतो, आणि न्यायालयातून सुटतो तेव्हा दिवे लागलेले असतात, हे गणित स्कूटरवर बसल्यावर लक्षात आले. त्यानंतरही अडीच महिने आम्ही काही केले नाही. त्याचा खुलासा आमच्यापाशी नाही, दिवसाचाही नाही आणि तासाचाही नाही.

तेव्हा मुन्शीजींना आम्ही सांगितले, ही ओळ चढवू नका. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी साडेतीनला वह्यांचे गाठोडे घेऊन रामबागेत गेलो.

सुटीच्या आठ-नऊ दुपारी हाताशी होत्या. पाच वह्या त्यांत संपणार नव्हत्या हे उघड होते. या ठिकाणी आम्हाला भारतरत्न पां. वा. काणे यांचे स्मरण झाले. तेही वकील, मुंबई उच्च न्यायालयातले. व्यवहारमयूखाच्या आपल्या आवृत्तीला प्रस्तावना लिहिता लिहिता त्यांचा धर्मशास्त्राचा इतिहास उभा राहिला. त्याचा पहिला खंड १९३० साली निघाला तेव्हा ते पन्नाशीत होते. शेवटचा १९६२ साली, ब्याऐंशीव्या वर्षी. त्यांच्याशी आपली तुलना करण्याचा उद्धटपणा आम्ही करीत नाही. आम्ही फक्त एवढेच ताडले, की त्यांनीही कोणत्याही एका दिवशी थोडीच पाने लिहिली असतील. मुदत कायद्यातही याला जागा आहे. कलम १९ म्हणते, मुदत संपण्यापूर्वी ऋणकोने थोडी रक्कम फेडली आणि तशी सही दिली, की त्या दिवसापासून नवी मुदत सुरू होते.

ऋणाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. आजोबांचे कर्ज नातवाने केवळ धर्मकर्तव्य म्हणून फेडावे असा आग्रह कोणत्याही न्यायालयाने धरू नये, असे २००५ सालच्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात लिहून ठेवले आहे. पण ती दुरुस्ती जुन्या कर्जांना लागू होत नाही. तेव्हा ही पळवाट आम्हाला उघडी नव्हतीच.

आत्या ओटीवर पाट टाकून बसे. एका हातात भिंग, दुसऱ्या हाताचे बोट ओळीवर. ती वाची आणि आम्ही बाळबोधीत उतरून घेत असू. पहिल्या दिवशी चार पाने झाली, दुसऱ्या दिवशी तीन, कारण मध्ये आमच्या एका पक्षकाराचा फोन आला आणि आम्ही तो घेतला. परत येऊन पाहतो तो आत्याने वही मिटलेली. त्यानंतर फोन आम्ही घरी ठेवून जाऊ लागलो.

वहीत इतिहास म्हणावा असे काही नव्हते. घासलेट दोन आणे. बाळाची दुलई. मालकास भाडे. प्रत्येक पानाच्या माथ्यावर 'श्री शांतादुर्गा'. आणि प्रत्येक महिन्याच्या अखेरीस एक नोंद: देवीकडे चार आणे. कवळ्याच्या देवीच्या दर्शनास एकदा सहकुटुंब जाण्यासाठी आजोबा ते बाजूला काढीत होते. १९३१ च्या शेवटच्या पानावर लिहिले होते, 'देवीचे दर्शनास जाणे राहिले. पुढील सालीं.' आम्ही लेखणी थांबवली. १९३२ च्या शेवटी, 'रजा नाही. पुढील सालीं.' पुढे एका साली घरी बाळंतपण, एका साली कोणाचे तरी आजारपण, एका साली नुसतेच 'पुढील सालीं'. तीच ओळ, तेच अक्षर. आत्या वाचता वाचता हसू लागली. "तुझे डायरीचे प्रकरण मला सुनेने सांगितले आहे," ती म्हणाली.

पण चार आणे एकाही महिन्यात चुकले नव्हते. १९३६ मध्ये एकदा 'देवीकडून उसने घेतले रुपये ५' अशी नोंद आहे, आणि पुढचे दहा महिने चार आण्यांच्या जोडीला 'देवीचे उसने फेडीस आठ आणे' अशी नोंद आहे. शेवटच्या हप्त्याखाली आजोबांची सही आहे. कारकुनाला आपल्याच वहीत सही करण्याचे कारण काय, हे आमच्या ध्यानात येण्यास थोडा वेळ लागला. १९३८ च्या अखेरीस आत्याने बेरीज वाचली: चोवीस रुपये. त्याच वर्षी तिचा जन्म झाला होता. तेही तिने वाचले, दाईला दिलेल्या लुगड्याच्या नोंदीवरून.

१ जानेवारीला दुसरी वही निम्मी झाली. अजून तीन आणि अर्धी उरली होती. आमच्या मनात पुढचा काळ भराभर सरकत होता: होळकरांचे राज्य जाणार, १९५५ च्या सत्याग्रहानंतर गोव्याची रेल्वेची वाट बंद होणार, १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त होणार. आजोबा १९६४ साली वारले. मधल्या कोणत्या साली ते कवळ्याला गेले का, की ती ओळ शेवटपर्यंत पुढे ओढली गेली? आत्याला ठाऊक असणारच. न राहवून आम्ही विचारले.

तिने भिंग पदराला पुसले आणि वहीत मोरपीस ठेवून ती मिटली. ऊन ओटीवरून उतरत होते. आत्या आमच्याशी मराठीत बोलते. कोकणी फक्त तिच्या वडिलांची आणि देवाची. त्या दिवशी मात्र म्हणाली, "मुखार आसतलें. आयज इतलेंच पुरो. फाल्यां बेगीन यो."

दुसऱ्या दिवशी न्यायालय उघडत होते. येता येता आम्ही कार्यालयात डोकावलो आणि मुन्शीजींना सांगितले, यापुढे दर बुधवारी व शनिवारी दुपारी तीननंतर कोणतीही तारीख घेऊ नका, रामबागेत काम आहे. त्यांनी नवी डायरी उघडली, टाक बुडवावा तसे बॉलपेन झटकले आणि विचारले, "पक्षकार का नाम?"

आम्ही आजोबांचे नाव सांगितले.