नवी बॅटरी घेण्याआधी

जुना ट्रॅक्टर सेल्फ घेईना झाला की मालक बहुधा नव्या बॅटरीचं ठरवूनच येतो. मी आधी मीटर लावतो. रात्रभर उभ्या गाडीची चांगली बॅटरी साडेबारा व्होल्टच्या वर दाखवते. इंजिन रेस केलं की आकडा चौदाच्या आसपास चढायला हवा. चढत नसेल, तर नवी बॅटरीही चार दिवसांत उतरेल आणि ऐन पेरणीत माणसाचे पैसे फुकट जातील. ते मला बघवत नाही.

मग डायनामोचा पट्टा. अंगठ्याने दाबला की तो अर्धा इंच दबावा. तो ठीक असला की अर्थिंग. इथे मी घाई करत नाही. हेडलाइट लावून, इंजिन चालू ठेवून मीटरची एक पिन बॅटरीच्या अर्थाच्या टोकावर धरायची, दुसरी डायनामोच्या बॉडीवर. जवळजवळ शून्य यायला हवं. अर्धा व्होल्ट दिसला तरी केबल सोडायची. नटाखाली गंज, रंगाचे थर, डिझेल-मातीची खपली. लोखंड चकाकेपर्यंत पॉलिश पेपरने घासून परत आवळायचं. कित्येक गाड्या एवढ्यावरच बऱ्या होतात.

नाहीच झाली, तर डायनामो. जुन्या लुकास पद्धतीच्या डायनामोला खोलण्याआधी विचारता येतं. डी आणि एफच्या वायरी काढून ती दोन टर्मिनलं तारेने जोडायची, तिथून बॉडीपर्यंत मीटर लावायचं आणि रेस हळूहळू वाढवायची. आकडा झरझर चढला तर डायनामो चांगला. बिघाड कटआउटात किंवा वायरिंगमध्ये. वीसच्या पुढे मात्र जाऊ द्यायचं नाही. एखाद्या व्होल्टवर अडला तर फील्ड, पाच-सहावर थांबला तर आर्मेचर, काहीच नाही आलं तर कार्बन बघायचे.

खोलल्यावर कम्युटेटर काळा पडलेला असतो. तांब्याच्या पट्ट्यांमधला अभ्रक तांब्याच्या खाली हवा. वर आला की कार्बन नीट टेकत नाहीत. मोडक्या हॅक्सॉ ब्लेडने एकेक खाच कोरायची. हे काम मला मनापासून आवडतं.

हल्ली बरेच जण सरळ अल्टरनेटर बसवायला सांगतात. रात्री दिवे लावून नांगरणाऱ्याला मी तोच सुचवतो, कारण कमी रेसवर डायनामो फारसा चार्ज करत नाही. पण पट्टा आणि अर्थाची केबल आधी तपासूनच.