मऊ प्रवाळ, तांब्याचा हंडा आणि आपली जीवदया



पर्युषणात घरी येऊन गेलेल्या बऱ्याच जणींनी दिवाणखान्यातली खाऱ्या पाण्याची काचपेटी पाहिली आणि एकच विचारलं, “जैनांच्या घरात हे कसं चालतं गं?” प्रश्न रास्त आहे. सासूबाईंनी तो दोन वर्षांपूर्वीच विचारला होता, मुलानं पेटीचा हट्ट धरला तेव्हा.

पाठशाळेत जीवविचार शिकताना विद्रुम म्हणजे पोवळं पृथ्वीकायात, एकेंद्रियात, येतं हे आपण सगळ्यांनी पाठ केलंय. मंगळसूत्रातलं लाल पोवळं हातात घेतलं तर खडाच वाटतो. पण तो समुद्रातल्या एका जिवाचा सांगाडा. जिवंत असताना त्या लाल फांदीवर पांढरी फुलं उमलल्यासारखे बारके जीव असतात, प्रत्येकाला आठ हात आणि मधोमध तोंड. आमच्या पेटीतल्या मऊ प्रवाळांनाही तेच आठ हात, म्हणजे कूळ एकच. यांना दगडी सांगाडा नाही, मांसल अंगात चुन्याचे कण तेवढे विखुरलेले. जरा धक्का लागला की अंग चोरून घेतात. शास्त्रावर वाद घालायची माझी पात्रता नाही, पण वागताना मी त्यांना त्रस जीव धरते. जास्त जपल्यानं काही बिघडत नाही.

म्हणून अटी घातल्या. दगडी प्रवाळ नाहीत; ते आपल्या देशात वन्यजीव कायद्यानं संरक्षितच आहेत. समुद्रातून तोडून आणलेलं काहीही नको, दुसऱ्याच्या पेटीत वाढलेलंच घ्यायचं. आणि मासे नकोत, कारण त्यांच्या खाद्याच्या गोळ्यांत बहुधा माशांचाच चुरा असतो. मऊ प्रवाळांचं बरं असं, की त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं, ते दिव्याच्या उजेडात अन्न तयार करतं आणि यजमानाला देतं. त्यामुळे आमचा दिवा रोज आठ तास लागतो, हाच त्यांचा मुख्य आहार.

मासे नसल्यानं एक गंमत होते. पाणी फारच स्वच्छ राहतं, आणि हे प्रवाळ अति स्वच्छ पाण्यात फिके पडतात! नायट्रेट ५ ते १० पीपीएम असलेलं त्यांना मानवतं. म्हणून आम्ही पाणी दर आठवड्याऐवजी पंधरा दिवसांनी दहा टक्के बदलतो आणि गरज पडली तर नायट्रेटचं द्रावण थेंबाथेंबानं देतो. बाकी तापमान २५ अंशांच्या आसपास, खारेपणाची घनता १.०२५. या दोन आकड्यांत रोज चढउतार नको, एवढं सांभाळलं तरी निम्मं काम झालं.

आता आपल्या स्वयंपाकघराशी संबंध येतो तिथे कान देऊन ऐका. तांब्याच्या हंड्यातलं पाणी पेटीत कधीही घालू नका. आपल्याला ते गुणकारी वाटत असेल, पण अशा जिवांना तांबं अगदी थोडंसुद्धा विषासारखं. नळाचं पाणीही नको, त्यातलं क्लोरीन बाधतं. आरओचं, शक्यतो पुढे आणखी शुद्ध केलेलं पाणी वापरावं. दुसरं, पाणी उकळून घ्यायची आपली सवय चांगली आहे, पण पेटीतला दगड “निर्जंतुक करू” म्हणून उकळत्या पाण्यात टाकणं जीवघेणं ठरू शकतं. झोअँथिड नावाच्या बटणांसारख्या प्रवाळांच्या काही जातींत भयंकर विष असतं. वाफेबरोबर ते श्वासात गेलं तर अख्खं घर आजारी पडतं. पेटीत हात घालताना हातमोजे, डोळ्यांवर चष्मा. लेकरांना लांबच ठेवा.

छत्रीच्या आकाराचा लेदर कोरल मधूनच मिटतो, अंगावर मेणासारखा पातळ थर येतो, आठवडाभर हात बाहेर काढत नाही. मेला समजून पुष्कळ लोक फेकून देतात. तो कात टाकत असतो. पाण्याचा झोत जरा वाढवला की थर सुटून जातो. सासूबाई म्हणतात, “मौन चाललंय, बोलवू नका.” हल्ली पेटीशेजारी बसून माळ फिरवतात.

हे शांत दिसणारे जीव पाण्यात विषारी द्रव्यं सोडून शेजाऱ्याला हटवतातही. म्हणून दोघांत वीतभर अंतर, आणि गाळणीत कोळसा, दर महिन्याला नवा.

खरी अडचण आली ती ॲप्टेशियाची. दगडाबरोबर आलेलं हे तपकिरी समुद्रफूल दंश करतं आणि भराभर वाढतं. सगळीकडे सल्ला एकच, सुईनं चुन्याचं दाट पाणी टोचून मारा. मुलगा सुई घेऊन तयार, सासूबाई समोर उभ्या. मी तो दगडच उचलून वेगळ्या बरणीत ठेवला. तिथेही खारं पाणी, हवेचा छोटा पंप, खिडकीचा उजेड. आज बरणीत अकरा फुलं आहेत. पेटीत पुन्हा एक दिसलंय, मोठ्या दगडावर, जो उचलता येत नाही. मुलगा म्हणतो, एकासाठी बाकीच्यांना दंश सोसायला लावणं ही कुठली दया? त्याला अजून उत्तर दिलेलं नाही. शेजारचं प्रवाळ तेवढं दूर सरकवलंय.

पुढच्या महिन्यात आम्ही शंखेश्वरला जातोय. पेटी जाऊबाईंकडे सोपवलीय. काचेवर रेघ मारून ठेवलीय, पातळी खाली गेली की रेघेपर्यंत साधं आरओचं पाणी. मीठ घालायचं नाही, कारण उडून जातं ते पाणी, मीठ आतच राहतं.