काचेखालची चिठ्ठी

मुलांनो, तुमच्या शाळेतल्या कपाटाला कुलूप असेलच. पण त्याची किल्ली कुठे असते? आमच्या शाळेत ती कपाटाशेजारच्याच खिळ्याला लटकलेली असायची! हसलात ना? मीही हसायचे. पण २०२२ साली मी स्वतःच तसं केलं, आणि ते हसण्यासारखं मुळीच नव्हतं.

मी चौथीची वर्गशिक्षिका. शाळेत कारकून नाही, म्हणून संगणकाचं काम माझ्याकडे. मुलांची माहिती मी ‘ॲक्सेस’ नावाच्या प्रोग्राममध्ये भरली होती. अशा नीट मांडलेल्या माहितीला डेटाबेस म्हणतात. नाव, हजेरी, वडिलांचं उत्पन्न, आजारपण, सगळं एकाच फाइलीत! तिला पासवर्ड होता. मी विसरेन म्हणून तो चिठ्ठीवर लिहून टेबलाच्या काचेखाली सरकवला होता.

सातवीच्या दोन मुली मधल्या सुट्टीत हजेरी भरू लागायच्या. आजारपणाचा रकाना मी ‘हाइड’ केला होता. पण तो नुसता पडदा हो! माऊसचं उजवं बटण दाबलं, की ‘अनहाइड’ समोरच येतं. त्यांनी सहज दाबून पाहिलं. दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गातल्या एका मुलाला कुणीतरी मैदानात ‘फिट्या’ म्हणून हाक मारली. तो तीन दिवस शाळेत आला नाही.

मी त्याच्या घरी गेले. त्याची आई एवढंच म्हणाली, “बाई, आम्ही तर फक्त तुम्हालाच सांगितलं होतं.”

मुलींवर मी रागावले नाही. कोणत्या तोंडानं रागावणार? चिठ्ठी माझीच होती.

मग मी या विषयाची माहिती मिळवू लागले. अमेरिकेतल्या एम.आय.टी. या संस्थेत १९६१ साली एकच संगणक अनेकांनी वापरायची सोय झाली. ज्याच्या-त्याच्या फायली वेगळ्या राहाव्यात म्हणून प्रत्येकाला पासवर्ड दिला. ॲलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याला चारच तास मिळत. ते पुरेनात! सगळ्यांचे पासवर्ड एकाच फाइलीत जसेच्या तसे लिहिलेले होते. १९६२ साली या पठ्ठ्यानं ती फाइल छापून द्यायची आज्ञा संगणकाला दिली, आणि संगणकानं ती मुकाट्यानं छापली! म्हणजे तिथेही काचेखाली चिठ्ठीच की.

आणखी एक कळलं. ॲक्सेसच्या जुन्या फायलींत माणसागणिक वेगळी परवानगी देता यायची: कुणी नुसतं वाचायचं, कुणी बदलायचंही. २००७च्या आवृत्तीबरोबर आलेल्या नव्या फायलींत ती सोय राहिली नाही. आता अख्ख्या फाइलीला एकच पासवर्ड. तो टाकला, की फाइलीतला मजकूर सांकेतिक होतो, हे चांगलंच. पण पासवर्ड ज्याच्या हाती, त्याला सगळंच दिसतं.

म्हणून मी दोन फायली केल्या. एकीत नाव आणि हजेरी, ती मुलींनी भरावी. दुसरीत खासगी माहिती. तिचा लांबलचक पासवर्ड मला आणि मोठ्या बाईंना पाठ. चिठ्ठी फाडली. फिट येतात हे मला ठाऊक असायलाच हवं बरं का! झटका आला तर त्याला कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, हे वेळेला करणार कोण?

तो परत आल्यावर मी त्याला हे सगळं सांगितलं. त्यानं विचारलं, “आता माझं कोण वाचू शकतं?”

“मी आणि मोठ्या बाई.”

तो जरा थांबला. “आणि मी?”

हे मला सुचलंच नव्हतं! मी फाइल उघडली आणि फक्त त्याची ओळ पडद्यावर आणली. बोट ठेवून त्यानं ती सावकाश वाचली, मग म्हणाला, “बाई, माझ्या आईचं नाव चुकलंय.”

मी खुर्ची त्याच्याकडे सरकवली. एकेक अक्षर शोधत त्यानं ते दुरुस्त केलं.