भरल्या होडीचा पंखा

आमच्या दाभोळच्या घरी पडवीत खुंटीला एक पंखा टांगलेला आहे. तीन पात्यांचा, स्टीलचा, आरशासारखा चकचकीत. पाहुणे विचारतात, हा कुठल्या मशीनचा? होडीचा, म्हटलं की म्हणतात, इतका नवा कोरा पंखा टांगून का ठेवलाय? मी काहीतरी बोलून वेळ मारून नेतो. गेल्या महिन्यात पुतण्याचा मस्कतहून फोन आला. होडीला नवीन मशीन घेतोय, सोबत कुठला पंखा घेऊ म्हणजे जास्त पळेल, असं तो विचारत होता. त्याला वेळ मारून नेणारं उत्तर देता येईना. म्हणून हे लिहायला बसलो.

मीही तेव्हा मस्कतलाच होतो. एका बांधकाम कंपनीच्या स्टोअरमध्ये कारकून. जुम्याच्या सुट्टीत आम्ही चार-पाच कोकणी पोरं सीबच्या किनाऱ्यावर जाऊन बसायचो. तिथल्या मच्छीमारांच्या फायबरच्या होड्या पाण्याला जेमतेम शिवत बाणासारख्या जायच्या. ते बघून मला आमची होडी आठवायची. वाशिष्ठीच्या खाडीत बाबा ती चालवायचे. बावीस फुटी फायबरची होडी, मागे पंधरा हॉर्सपॉवरचं पेट्रोलचं मशीन. मासळी, भाजीपाला, सिमेंटच्या गोण्या, लग्नाची वऱ्हाडं, जे येईल ते त्यातून जायचं. बाबा शिडाच्या मचव्यावर वाढलेले. मशीन त्यांनी उतारवयात हाती धरलं. होडी चालायची, पण रडतखडत. आपण गल्फला असताना आपल्या बापाची होडी अशी चालावी याची मला लाज वाटायची.

एका दुकानात गेलो आणि सांगितलं, जोरात पळणारा पंखा द्या. दुकानदाराने मशीन कुठलं ते विचारलं, शाफ्टचे दाते जुळतील याची खात्री केली आणि हा स्टीलचा पंखा काढून दिला. होडी कसली, तिच्यात किती वजन असतं, हे त्याने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. पंख्यावर आकडे कोरलेले होते. पहिला व्यासाचा, दुसरा पिचचा. आमच्या जुन्या अॅल्युमिनियमच्या पंख्याचा व्यास सव्वानऊ इंच आणि पिच नऊ इंच होतं. याचा व्यास तोच, पण पिच बारा. बारा म्हणजे नवापेक्षा जास्त, एवढंच माझं गणित.

पिच म्हणजे काय हे मला फार पुढे कळलं. लाकडात स्क्रू पिळला की एका फेऱ्यात तो ठराविक अंतर आत जातो. पंखा लाकडात फिरला असता तर एका फेऱ्यात जितके इंच पुढे गेला असता, तितकं त्याचं पिच. पाणी लाकडासारखं घट्ट नाही, म्हणून पंखा थोडा घसरतोच. होडी हलकी असली तर घसर कमी, जड असली तर जास्त. मोठ्या पिचचा पंखा एका फेऱ्यात जास्त पाणी मागे रेटू पाहतो, म्हणून त्याला फिरवायला मशीनला जास्त जोर लागतो. सायकल चढावर मोठ्या गिअरमध्ये घातली की पाय जसे जड होतात, तसंच हे.

२००१ सालच्या डिसेंबरात रमजान ईदला मी घरी आलो, तो हा पंखा बॅगेत घेऊनच. ईदच्या आधी एका सकाळी जुना पंखा काढला, नवा चढवला आणि एकटाच खाडीत चक्कर मारून आलो. होडी अशी पळाली की जेट्टीवरची पोरं टाळ्या वाजवायला लागली. बाबा जेट्टीवर उभे होते. त्यांनी जुना पंखा उचलला, पाण्याने धुतला, त्याला तेल लावलं आणि गोणपाटात गुंडाळून ठेवला. एवढंच म्हणाले, "एकटा होतास ना?" (बाबा आमच्या कोकणी बोलीत बोलत. मी ते जमेल तसं मराठीत लिहितोय.)

बासी ईदेला चाचांच्या मुलाचं लग्न होतं, खाडीच्या वरच्या अंगाच्या गावी. वऱ्हाड होडीनेच जाणार होतं. बाबा भरती-ओहोटीचा हिशेब चांदावरून मांडायचे. चांदरातीच्या आसपास आणि चौदाव्या-पंधराव्या चांदाला उधाण, मधल्या अष्टमीला भांग. उधाणाच्या दिवसांत आमच्याकडे दुपारी बाराच्या सुमाराला भरती पुरी होते आणि मग सहा तास पाणी समुद्राकडे धाव घेतं. म्हणून त्यांनी सगळ्यांना बजावलं होतं, नऊ वाजता निघायचं, भरतीच आपल्याला वर नेईल.

नऊला कोण निघतंय? नवऱ्या मुलाचा सेहरा यायचा होता. खालाला औषध सापडत नव्हतं. बायकांचं आवरेपर्यंत जोहर झाली. बाबा म्हणाले, "आता संध्याकाळी पाणी फिरल्यावर निघू. निरोप पाठवा." सगळ्यांची तोंडं उतरली. तेव्हा मी म्हणालो, "बाबा, नवीन पंखा आहे ना! ओहोटीला कोण विचारतो?"

हे वाक्य माझं आहे. इतकी वर्षं मी ते कुणाला सांगितलं नाही.

अकरा माणसं, बाबा धरून बारा. त्यात दोन लहान मुलं. शिवाय दोन ट्रंका, मिठाईचे डबे आणि एक भरलेली देग. हँडल मी धरलं. किनाऱ्याच्या आडोशाला होडी बरी चालली. मधल्या धारेत आलो आणि मशीनचा आवाज बदलला. थ्रॉटल पूर्ण पिळलेलं, पण फेरे चढेनात. दमेकऱ्यासारखं ते घरघरायला लागलं. वारा समुद्राकडून येत होता आणि पाणी समुद्राकडे जात होतं. दोघांच्या भांडणात लाटा उभ्या राहतात. मागची बाजू उचलली की पंखा हवा खायचा, मशीन किंचाळायचं. खाली आपटली की पुन्हा घरघर. मी समोर बघत होतो. बाबा काठावरच्या एका माडाकडे बघत होते. थोड्या वेळाने ते हळूच म्हणाले, "माड पुढे चाललाय."

माड पुढे जात होता, म्हणजे आम्ही मागे जात होतो. मागे खाडीचं तोंड होतं, तिथली वाळूची दांडी होती, आणि ओहोटीला तिच्यावर फुटणाऱ्या लाटांचा पांढरा पट्टा इथूनही दिसत होता. तोवर बायकांची गाणी चालू होती. मग एकीच्या लक्षात आलं, आणि गाणं अर्ध्यावरच थांबलं. ती शांतता मला अजून ऐकू येते.

बाबा उठले, माझा हात बाजूला केला आणि हँडल घेतलं. रागावले नाहीत. त्यांनी थ्रॉटल थोडं कमी केलं, बसलेल्या माणसांना दोन्ही बाजूंना सारखं वाटून खाली बसवलं, पाण्याशी सरळ भांडण सोडलं आणि होडी तिरकी धरून काठच्या तिवरांकडे सरकवत नेली. काठाजवळ पाणी उथळ असतं आणि धार मंद. तिथे पोचताच मला म्हणाले, "नांगर टाक." मी टाकला. दोर ताणला, होडी फिरली आणि थांबली. मग बाबा वळून सगळ्यांना म्हणाले, "देग उघडा. मुलांना भूक लागली असेल."

साडेतीन तास आम्ही तिथे बसून होतो. अस्र झाली, मगरीब झाली. पाणी फिरल्यावर बाबांनी नांगर उचलला. पोचलो तेव्हा रात्र झाली होती. मुलीचे वडील कंदील घेऊन चिखलात उभे होते. दुपारपासून ते तसेच येरझाऱ्या घालत होते. त्यांनी एक शब्द विचारला नाही, फक्त एकेकाला हात देऊन उतरवताना माणसं मोजत होते. अकरावर आले, मग बाबांकडे बघितलं, बारा, आणि म्हणाले, "अल्हम्दुलिल्लाह." चिखलात उभं राहून मला वर बघवेना.

बाबा त्याबद्दल मला कधीच बोलले नाहीत. चार दिवसांनी त्यांनी बारा रिकाम्या गोण्या आणल्या आणि म्हणाले, "रेती भर. गोणीत एका माणसाइतकी." गोण्या होडीत माणसांच्या जागी मांडल्या. "रिकाम्या होडीला पळायला काय लागतं? पोरगंसुद्धा वल्हवेल. होडी बघायची ती भरलेली," ते म्हणाले.

ती परीक्षा त्या सुट्टीत अर्धवटच झाली, कारण फेरे मोजायला काही नव्हतं. पुढच्या सुट्टीत मी स्पार्क प्लगच्या वायरीला गुंडाळायचा छोटा टॅकोमीटर आणला. मशीनचं पुस्तकही पहिल्यांदा नीट वाचलं. त्यात लिहिलेलंच होतं : थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर मशीन मिनिटाला ४५०० ते ५५०० फेऱ्यांमध्ये चाललं पाहिजे. पंखा निवडायचा तो एवढ्याचसाठी. भरती आणि ओहोटीच्या मध्ये पाणी घटकाभर उभं राहतं, तेवढ्यात आम्ही दोन खुणांमध्ये जाऊन-येऊन वेळ मोजली. माझ्या वहीतले आकडे असे आहेत. बारा पिचचा पंखा : रिकाम्या होडीत ४७००, भरलेल्या होडीत ३७००. नऊ पिचचा जुना : रिकाम्यात ५३००, भरलेल्यात ४४००. म्हणजे जुना पंखासुद्धा भरल्या होडीला थोडा जडच होता. बाबांची होडी रडत होती ती म्हणून, आणि मी तिला आणखी जड पंखा लावला होता.

ढोबळ हिशेब असा की पिच एक इंचाने कमी केलं तर साधारण दीडशे ते दोनशे फेरे वाढतात. कमी फेऱ्यांवर दाबून चालवलेलं मशीन आपली पूर्ण ताकद देतच नाही. वर ते तापतं, प्लग काजळतात, पेट्रोल वाया जातं. उलट पिच फारच कमी केलं तर रिकाम्या होडीत फेरे मर्यादेबाहेर जातात. मुंबईहून आठ पिचचा पंखा आणला, अॅल्युमिनियमचा. भरलेल्या होडीत ४७००. रिकाम्यात ५६००, तेव्हा थ्रॉटल जरा आवरायचं, बस्स. बाबांनी विचारलं, स्टीलचा का नाही? मी म्हणालो, आपल्या खाडीत खडक आहेत. अॅल्युमिनियमचं पातं आपटलं तर वाकतं, आणि मार स्वतःवर घेतं. स्टीलचं वाकत नाही, मग धक्का आत गिअरपर्यंत जातो. बाबा खूश झाले. म्हणाले, "आता अभ्यास केलास."

रत्नागिरीच्या वाचनालयात एकदा पंख्याच्या शोधाची हकीकत वाचली, ती त्यांना सांगितली. फ्रान्सिस पेटिट स्मिथ नावाचा एक इंग्रज शेतकरी. त्याने १८३६ साली पेटंट घेतलेला पंखा लाकडी होता, लांबलचक स्क्रूसारखा, पुरे दोन वेढे असलेला. १८३७ साली लंडनच्या पॅडिंग्टन कालव्यात त्याची होडी चालवून बघताना त्या स्क्रूचा जवळजवळ अर्धा भाग तुटून पडला, आणि होडी थांबायच्या ऐवजी जास्त वेगाने पळायला लागली. मग त्याने एकाच वेढ्याचा पंखा केला. बाबा खूप हसले. म्हणाले, "त्याचं अर्धं लाकूड तुटलं आणि अक्कल आली. तुझं तेवढ्याही वर भागलं. शुक्र कर."

त्या वऱ्हाडाविषयी ते बोलले असतील तर एवढंच.

बाबा गेले त्याला बरीच वर्षं झाली. आठ पिचचा पंखा शेवटपर्यंत होडीला होता. पात्यांच्या कडा झिजल्या की मी त्या कानशीने सारख्या करायचो. चकचकीत पंखा बाबांनीच पडवीत टांगला होता. विकून टाकू म्हटलं तर म्हणाले, "राहू दे. दिसायला छान आहे."

पुतण्याला परवा फोन केला. त्याने तोवर दोन-तीन पंख्यांचे आकडे लिहून ठेवले होते आणि कुठल्याने किती वेग मिळेल ते मला वाचून दाखवायला लागला. मी मध्येच विचारलं, "होडीत किती माणसं बसणार? सामान किती?"

तो जरा थांबला. "ते अजून मोजलं नाही, चाचा."

"मग पंखा आत्ता घेऊ नकोस. मशीनसोबत येईल तोच लावून ये," मी म्हणालो. "माळ्यावर बारा गोण्या आहेत. आलास की रेती भरायला मी येतो."